लॅक्टुलोज-मॅनिटॉल चाचणी : आतड्याची भिंत किती झिरपते?

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा जेमतेम एक थर असतो. पचलेले अन्न आत घ्यायचे आणि जंतू, त्यांची विषे, अर्धवट पचलेली प्रथिने बाहेर ठेवायची, ही दोन्ही कामे त्यालाच करावी लागतात. शेजारच्या पेशी प्रथिनांच्या घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. हे सांधे सैल पडले की एरवी अडणारे मोठे रेणूही फटीतून पलीकडे जातात. यालाच आतड्याची पारगम्यता वाढणे म्हणतात. ती मोजण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे दोन साखरांची ही चाचणी.

दोन साखरा कशासाठी?

मॅनिटॉलचा रेणू लहान (रेणुभार १८२), तर लॅक्टुलोजचा जवळपास दुप्पट (३४२). निरोगी माणसात प्यायलेल्या मॅनिटॉलचा चांगला भाग, साधारण १० ते २० टक्के, लघवीत उतरतो; लॅक्टुलोज मात्र १ टक्क्याहूनही कमी. रक्तात गेलेल्या या साखरा शरीर फारशा वापरत नाही, मूत्रपिंडे त्या जशाच्या तशा बाहेर टाकतात. म्हणून लघवीतल्या प्रमाणावरून किती झिरपले ते कळते.

एका साखरेवर का भागत नाही? जठर रिकामे व्हायला लागलेला वेळ, मूत्रपिंडांची क्षमता, थोडी लघवी सांडणे, या सगळ्याचा परिणाम दोन्हींवर सारखाच होतो. लॅक्टुलोजला मॅनिटॉलने भागले की तो बहुतांशी निघून जातो. या पद्धतीचा पाया लंडनमधील इयन मेन्झीस यांनी १९७०च्या दशकात केलेल्या कामात आहे.

चाचणी कशी होते?

रात्रभर उपाशी राहून, मूत्राशय रिकामे करून साखरांचे पाणी प्यायचे. ५ ग्रॅम लॅक्टुलोज आणि २ ग्रॅम मॅनिटॉल हे एक नेहमीचे प्रमाण आहे. पुढचे ५-६ तास प्रत्येक वेळची लघवी एकाच भांड्यात जमवायची. तान्ह्या बाळाला लघवीची पिशवी चिकटवावी लागते आणि ती हमखास गळते. मोठ्या आतड्यातले जीवाणू या साखरा फस्त करतात, त्यामुळे निकाल मुख्यतः लहान आतड्याविषयी बोलतो.

बद्धकोष्ठावरचे लॅक्टुलोजचे सिरप म्हणजे हीच साखर. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये मॅनिटॉल असू शकते. दारू आणि अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या तर भिंतीची पारगम्यताच वाढवतात. यांपैकी काय घेतले आहे ते आधी सांगायला हवे. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मात्र परस्पर बंद करू नये.

निकालाचा अर्थ

गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजारात आतड्याचे केसाळ उंचवटे सपाट होतात. शोषणाचे क्षेत्र घटल्याने मॅनिटॉल कमी जाते आणि फटी रुंदावल्याने लॅक्टुलोज जास्त, म्हणजे गुणोत्तर दोन्हीकडून वाढते. क्रोन आजारातही ते वाढलेले दिसते. अर्थात वाढलेल्या आकड्यावरून आजाराचे नाव सांगता येत नाही, आणि म्हणूनच रोजच्या निदानापेक्षा ही चाचणी संशोधनातच अधिक वापरली जाते.

तिथे तिने मोठे काम केले आहे. गांबियातील तान्ह्या मुलांची वाढ का खुंटते हे पाहताना, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाढीतील तुटीपैकी सुमारे ४३ टक्के भागाचा संबंध आतड्याच्या या बिघाडाशी दिसला. अस्वच्छ परिसरात वारंवार पोटात जाणारे जंतू जुलाब न होताही आतडे बिघडवतात, या विचाराला त्यातून बळ मिळाले. पुढे आठ देशांतील बालकांच्या मल-एड या अभ्यासातही ही चाचणी वापरली गेली. त्यात आपले वेल्लोर होते. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांचे निकाल मात्र इतके ठळक नाहीत.

झोन्युलिनचे काय?

सांधे सैल करणारे हे प्रथिन अलेसिओ फासानो यांच्या गटाने २००० साली वर्णिले, आणि त्याच्या नावाने रक्ताच्या चाचण्या विकल्या जाऊ लागल्या. प्रचलित संच मुळात झोन्युलिन पकडतच नाहीत, असे २०१८ मध्ये दाखवले गेले. थकवा, पुरळ, डोकेदुखी या सगळ्यावर ‘गळके आतडे’ हे निदान चिकटवून महागडे आहार सुचवणाऱ्यांचा आधार बऱ्याचदा असाच कच्चा असतो. सीलिअ‍ॅकची शंका असेल तर त्यासाठी रक्तातील प्रतिपिंडांची वेगळी तपासणी आहे. ती होईपर्यंत गहू सोडू नये; सोडल्यास प्रतिपिंडे उतरतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.