पेशीकंकाल व जीवद्रव्यतंतू

पेशीला आकार आणि आतल्या वाहतुकीला वाट देणारे प्रथिनतंतूंचे जाळे म्हणजे पेशीकंकाल. वनस्पतींच्या शेजारशेजारच्या पेशींना जोडणारे सजीव दुवे म्हणजे जीवद्रव्यतंतू. वनस्पतींतील या दोन्हींविषयीचे बरेच ज्ञान तंबाखूवरील प्रयोगांतून आले. निपाणी परिसरातील बिडी तंबाखू त्याच जातीचा.

हा सांगाडा हाडांसारखा कायमचा नसतो. सूक्ष्मनलिका (व्यास सु. 25 नॅनोमीटर) आणि ॲक्टिनतंतू (सु. 7) सतत जुळतात, सुटतात. पेशीपटलालगतच्या सूक्ष्मनलिका वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोजच्या धाग्यांना दिशा देतात आणि पेशी कोणत्या अंगाने वाढणार ते त्यावर ठरते. ॲक्टिनवरून मायोसिन प्रथिने पेशीतील घटक ओढून नेतात. प्राण्यांतील केराटिनचे तंतू वनस्पतींत नसतात. पान ताठ राहते ते भित्तिका आणि आतल्या पाण्याच्या दाबामुळे. जपानमधील ‘ब्राइट यलो-2’ ही तंबाखूची पेशीमालिका आठवड्यात शंभरपटीपर्यंत वाढते, म्हणून विभाजनाच्या अभ्यासात ती लाडकी ठरली.

भित्तिका पेशींना एकमेकींपासून तोडते, ही समजूत चुकीची आहे. एडुआर्ड टांगल यांनी 1879 मध्ये काजऱ्याच्या बियांत (हे झाड आपल्या कोकणातही आहे) भित्तिकेच्या आरपार जाणारे दुवे दाखवले. सु. 50 नॅनोमीटर रुंदीच्या या वाटांतून साखर, क्षार आणि संदेशवाहक रेणू जातात. वाटेच्या तोंडाशी कॅलोज ही बहुशर्करा साचली की ती आवळली जाते.

तंबाखूचा मोझॅक विषाणू याच वाटा वापरतो. त्याची कांडी 18 नॅनोमीटर जाड आणि 300 लांब. वाटेतली मोकळी जागा मात्र याहून फारच अरुंद, म्हणून एरवी तिला वाव नाही. विषाणूचे एक प्रथिन वाट सैल करते आणि त्याचा आनुवंशिक रेणू पलीकडे पोचवते. हे प्रथिन सूक्ष्मनलिकांना चिकटते, हे 1995 मध्ये दिसले. प्रवासाला त्यांची गरज किती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पहिल्या पेशीत मात्र विषाणू जखमेतूनच शिरतो. शेंडा खुडताना रस लागलेले हात तो झाडोझाडी नेतात. वाळलेल्या तंबाखूतही तो टिकतो, म्हणून रोपांच्या वाफ्यात बिडी ओढू नये, तंबाखू मळू नये आणि हात साबणाने धुवावेत, असे सांगतात.

बंबाखू या हरितद्रव्यहीन परजीवीची तऱ्हा निराळी. तो तंबाखूच्या मुळांत घुसून तिथल्या वाहिन्यांशी स्वतःच्या वाहिन्या जोडतो. त्याच्या काही भाईबंदांत तर परजीवी आणि यजमान यांच्या पेशींमध्येही जीवद्रव्यतंतू आढळले आहेत.