भाषिक अल्पसंख्याकांची आरोग्यसेवा (गौलीगुडा)

राज्यभाषेहून वेगळी मातृभाषा असणाऱ्यांना आपल्या भाषेत उपचार व माहिती मिळण्याची सोय. हैदराबादेतील गौलीगुडा–सुलतान बाजार भागात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. जवळच्या अफझलगंजचे रुग्णालय 1908 च्या मुसीच्या पुरात नष्ट झाले. पुढे तेथेच उस्मानिया रुग्णालय उभे राहिले (पाहा : मुसी नदी). भाषेपुरते पाहता, निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. 1956 मध्ये हैदराबाद राज्यातून मराठवाडा वेगळा झाला (पाहा : राज्यपुनर्रचना); आज तेलंगणाच्या राजभाषा तेलुगू व उर्दू आहेत, मराठी नाही.

अडचण मुख्यतः वृद्धांची. कळ, ठणका, चमक, आग यांतील भेद निदानास उपयोगी असतो. दुभाष्या नातेवाइकाच्या तोंडी तो सहज ‘दुखते’ एवढाच उरतो, आणि स्त्रीरोगांत मुलासमोर बोलणेच टळते. ही हानी लहान मानू नये.

भारतीय संविधानाचे 29 व 30 हे अल्पसंख्याकविषयक अनुच्छेद संस्कृती व शिक्षणापुरते आहेत. आरोग्याचा उल्लेख त्यांत नाही. उलट कॅनडात ऑटावाच्या फ्रेंचभाषी माँफोर रुग्णालयाच्या सेवा कमी करण्याचा सरकारी निर्णय 2001 मध्ये ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने रद्द ठरवला; अल्पसंख्याकांचे संरक्षण हे अलिखित घटनातत्त्व त्यास आधार होते (पाहा : भाषिक हक्क).