फोनला हेडफोन जॅक नाही? इअरफोनसाठी स्वस्त डॅक निवडताना काय पाहायचं?

२०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ३.५ मिमीचा हेडफोन जॅक काढला, तेव्हा सोशल मीडियावर त्याची बरीच चेष्टा झाली. तीन वर्षांनी सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट १० मधूनही जॅक गायब झाला. आता तर मध्यम किमतीच्या अनेक फोनमध्येही तो दिसत नाही. पण वायरवाले इअरफोन काही संपलेले नाहीत. ते चार्ज करावे लागत नाहीत आणि त्याच किमतीच्या वायरलेस इअरबड्सपेक्षा अनेकदा चांगले वाजतात.

असा इअरफोन टाइप-सी पोर्टला जोडायचा, तर मध्ये बोटभर लांबीची एक वायर लागते. ती शे-दोनशे रुपयांना मिळते आणि दहा हजारांनाही. दिसायला मात्र सगळ्या जवळपास सारख्याच. मग नेमकी कोणती घ्यायची?

डॅक म्हणजे काय?

डॅक म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. फोनमधलं गाणं शून्य आणि एकच्या आकड्यांत साठवलेलं असतं. इअरफोनला मात्र कमी-जास्त होणारा विजेचा प्रवाह लागतो. आकड्यांचं या प्रवाहात रूपांतर करण्याचं काम डॅक करतो. त्याला जोडूनच एक छोटा ॲम्प्लिफायर असतो, तो आवाजाला ताकद देतो.

जॅक असलेल्या प्रत्येक फोनमध्ये आणि प्रत्येक लॅपटॉपमध्ये डॅक असतोच. ब्लूटूथ इअरबड्समध्येही तो असतो. त्यामुळे फोनला डॅक लावून ब्लूटूथचा आवाज सुधारत नाही. आपण इथे ज्याबद्दल बोलतोय तो वायरसाठीचा छोटा डॅक आहे. त्याला बोलीभाषेत डोंगल म्हणतात.

शंभर रुपयांची वायर का चालत नाही?

टाइप-सी ते ३.५ मिमी या वायरींचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात आत डॅक नसतोच. फोनने स्वतःच्या डॅकमधून आवाज टाइप-सी पोर्टवर पाठवला, तरच ही वायर चालते. काही फोन तसं करतात, पण सॅमसंगचे वरच्या श्रेणीतले फोन आणि गुगलचे पिक्सेल फोन करत नाहीत. अशा फोनला ही वायर लावली, तर इअरफोनमधून आवाजच येत नाही.

दुसऱ्या प्रकारात डॅक वायरीच्या आतच असतो. ती जवळपास सगळ्या टाइप-सी फोन, टॅब आणि लॅपटॉपवर चालते. म्हणून खरेदीआधी वर्णनात ‘डॅक’ हा शब्द आहे का ते पाहा. घरात आधीच वायर असेल, तर ती लॅपटॉपला लावा. साउंड सेटिंगमध्ये नवं उपकरण दिसलं, तर तिच्यात डॅक आहे. आयफोन १४ आणि त्याआधीच्या आयफोनना टाइप-सी पोर्ट नाही, त्यांना लाइटनिंगचा डॅक लागतो.

ताकद किती हवी?

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते मिलिवॉट. साध्या इअरफोनला प्रत्यक्षात किती लागतात, ते पाहू.

समजा, इअरफोनची सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॉटला १०० डेसिबल आहे. म्हणजे १ मिलिवॉट दिल्यावर तो १०० डेसिबलचा आवाज काढतो. ताकद दहापट कमी केली की आवाज १० डेसिबलने उतरतो. म्हणजे ८० डेसिबलसाठी त्याला मिलिवॉटचा शंभरावा भाग पुरतो. गाण्यातले अचानक येणारे मोठे ठोके २० डेसिबलने वर गेले, तरी गरज १ मिलिवॉटचीच. उलट १ व्होल्ट देणारा अगदी साधा डॅकही ३२ ओहमच्या इअरफोनला ३१ मिलिवॉट देऊ शकतो.

म्हणजे ‘२०० मिलिवॉट’ या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज इअरफोनला बहुतेक वेळा नसते. ३०० ओहमचा मोठा स्टुडिओ हेडफोन वापरत असाल, तर गोष्ट वेगळी. तिथे त्याच १ व्होल्टमधून जेमतेम ३ मिलिवॉट मिळतात. त्यासाठी २ व्होल्ट किंवा त्याहून जास्त देणारा डॅक घ्यावा.

एक गफलत टाळा. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी मिलिवॉटऐवजी व्होल्टमागे देतात. १६ ओहमच्या इअरफोनसाठी १ व्होल्टला १२० डेसिबल म्हणजे १ मिलिवॉटला साधारण १०२ डेसिबलच. दोन इअरफोनची तुलना करताना एकक आधी पाहा.

मग पाहायचं काय?

पार्श्वभूमीचा आवाज: गाणं थांबवल्यावर ‘सूऽऽ’ असा बारीक आवाज येतो का ते ऐका. संवेदनशील इअरफोनवर तो लगेच जाणवतो. मोबाइल डेटा चालू ठेवूनही तपासा. काही स्वस्त डॅक फोनच्या सिग्नलमुळे खरखरतात.

आउटपुट इम्पिडन्स: हा आकडा इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. १६ ओहमच्या इअरफोनसाठी २ ओहमपेक्षा कमी. एका कानात अनेक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनमध्ये हे जास्त महत्त्वाचं, कारण इम्पिडन्स मोठा असेल तर आवाजाचा पोतच बदलतो.

माइक: कॉल किंवा ऑनलाइन लेक्चरसाठी इअरफोनचा माइक वापरणार असाल, तर डॅक माइकला सपोर्ट करतो का ते विचारा. फक्त गाण्यांसाठी बनवलेले काही डॅक करत नाहीत.

बॅटरी: डॅक फोनच्याच बॅटरीवर चालतो आणि तो लावल्यावर चार्जिंगचा पोर्ट अडतो. जास्त ताकदीचा डॅक सहसा जास्त बॅटरी खातो.

३८४ किलोहर्ट्झ, ३२ बिट: हे आकडे किती खरे?

आकडे खरे असतात, पण कामाचे असतातच असं नाही. सीडीचा दर्जा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ आहे. त्यात सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज साठवता येतो. माणसाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि वयानुसार ही मर्यादा खाली येते. त्यापुढचे आकडे ऐकण्यापेक्षा जाहिरातीला जास्त उपयोगी पडतात.

ॲपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस गाणी मिळतात. त्यातल्या ४८ किलोहर्ट्झपेक्षा वरच्या हाय-रेझ गाण्यांसाठी बाहेरचा डॅक लागतो. पण यूट्यूबवरचं गाणं आधीच दाबून लहान केलेलं असतं. त्यातून गेलेले बारकावे कुठलाही डॅक परत आणू शकत नाही.

चिपच्या नावाचंही तसंच. सिरस लॉजिकची सीएस४३१३१ ही चिप कमी किमतीच्या आणि महागड्या अशा दोन्ही डॅकमध्ये सापडते. ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जॅकमधून ताकद जास्त मिळते, पण त्याला इअरफोनची वायरही वेगळी लागते.

कोणाला कोणता?

आयफोन १५ किंवा त्यानंतरचा आयफोन, आयपॅड किंवा लॅपटॉप असेल, तर ॲपलचा हजार रुपयांच्या आसपास मिळणारा टाइप-सी ॲडॅप्टर पुरेसा आहे. त्यात डॅक आहे आणि मोजमापात तो चांगला ठरलेला आहे. मात्र हाच ॲडॅप्टर अनेक अँड्रॉइड फोनवर खूप हळू वाजतो, कारण त्याचा आतला व्हॉल्यूम अँड्रॉइडकडून पूर्ण उघडला जात नाही.

अँड्रॉइडवाल्यांनी दोन-तीन हजारांच्या आसपासचे जेकॅली किंवा फीओसारख्या कंपन्यांचे साधे डॅक पाहावेत. ओढायला जड हेडफोन असेल, तर मूनड्रॉप डॉन प्रोसारखा, ३.५ मिमीवर २ व्होल्ट आणि ४.४ मिमीवर ४ व्होल्ट देणारा डॅक कामाचा. फोनला जॅक आहे, आवाज पुरतो आणि खरखर नाही, अशांनी काहीच घेतलं नाही तरी चालेल.

एकूण पाच हजारांचं बजेट असेल, तर त्यातला मोठा भाग इअरफोनवर खर्च करा. दोन इअरफोनमधला फरक कुणालाही ऐकू येतो, दोन बऱ्या डॅकमधला क्वचितच. दोन डॅकची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवा, कारण जरासा मोठा वाजणारा डॅक कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. आणि परत करण्याची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्या.

कानांचं काय?

नवा डॅक लावताना आधी व्हॉल्यूम खाली आणा. जुन्या सवयीने ठेवलेली पातळी नव्या डॅकवर कितीतरी मोठी वाजू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. लहान मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. आवाज जितका मोठा, तितके हे तास झपाट्याने कमी होतात. डॅक खराब निघाला तर बदलून मिळतो, गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही.