मुलूखमैदान आणि लुना

विजापूरच्या तटावर प्रवाशांस जी मुलूखमैदान तोफ दाखवितात ती मूळची विजापूरची नव्हे; ती नगरची. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १५४९ मध्यें, रूमीखान नामक तुर्क सरदारानें ती अहमदनगर येथें ओतविली. तिचें वजन सुमारें ५५ टन आहे. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यांत गेली, आणि १६३२ मध्यें तेथून विजापुरास नेतांना तिला चारशें बैल व दहा हत्ती जुंपावे लागले असें सांगतात. बैलांची ही गणती कोणीं केली हें विचारण्यांत अर्थ नाहीं. ओझें एवढें होतें कीं सांगणारास मोठाच आंकडा सुचावा, इतकें खरें.

चारशें वर्षांनीं जड धातु पुन्हा या शहराच्या वांट्यास आला. १९४७ च्या फाळणीनंतर लष्करी वाहनांचें संशोधन करणारी संस्था चकलाल्याहून उठून नगरास आली. चिलखती दलाचें शिक्षणकेंद्रही येथेंच स्थिरावलें. १९९४ मध्यें उघडलेल्या रणगाड्यांच्या संग्रहालयांत चाळीस-पन्नास टनांचीं धुडें रांगेनें उभीं आहेत, आणि सुट्टीच्या दिवशीं आईबाप मुलांस घेऊन तीं पाहावयास जातात. सरकारदप्तरीं २०२४ पासून या शहराचें नांव अहिल्यानगर झालें आहे. परंतु ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळीं तें नगरच होतें, म्हणून येथें तेंच नांव ठेविलें आहे.

अशा या गांवीं १९७२ सालीं जी वस्तु जन्मास आली तिचें वजन एखाद्या धडधाकट माणसाच्या वजनाहून जास्त नव्हतें. दारांत अडचण झाली तर घरांतली मुलगी तिची मागली बाजू उचलून ती बाजूस सारीत असे. तिचें नांव लुना. तोफेचा उल्लेख प्रत्येक इतिहासकार करतो. लुनेचा कोणी करीत नाहीं. आमच्या मतें हा न्याय नव्हे, कारण नगरच्या कारागिरीची खरी कसोटी या दुसऱ्या वस्तूनें पाहिली.

कुंदनमल शोभाचंद फिरोदिया हे नगरचे नामांकित वकील व राष्ट्रीय चळवळीचे पुढारी. १९४६ ते १९५२ पर्यंत ते मुंबई विधानसभेचे सभापति होते. त्यांच्या मुलांचीं नांवें मात्र वाहनांच्या धंद्याशीं जोडलीं गेलीं. नवलमल यांचें नांव तीनचाकी टेम्पोशीं, आणि हस्तीमल यांचें, नगरास दौंड रस्त्यावर उभारलेल्या कायनेटिक एंजिनिअरिंगच्या कारखान्याशीं. त्या वेळीं देशांत परवान्यांचें राज्य होतें. मुलाच्या मुंजींत नोंदविलेली स्कूटर त्याच्या वरातीस उपयोगी पडावी, असा तो काळ. स्कूटर मिळत नाहीं आणि सायकलीनें पुरवत नाहीं, अशा असंख्य माणसांसाठीं हस्तीमलांनीं इटलीच्या पियाजो कंपनीची ‘चाव’ नांवाची पायडलांची मोटार-सायकल आधारास घेतली. लुना ही तिचीच नगरची बहीण. किंमत सुमारें २,००० रुपये.

आतां, जी वस्तु मुळांत दुसऱ्याची ती करण्यांत थोरवी कसली, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. मूळ कल्पना इटलीची, हें लपविण्याचें कारण नाहीं. रूमीखानानेंही तोफ ओतण्याची विद्या नगरांत शोधून काढली नव्हती. पण इटलींतल्या गुळगुळीत रस्त्यावर एकट्या तरुणास वाहून नेणारी गाडी क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याच्या खडीवर, मागें बायको, पुढें पोर आणि बाजूस दुधाची किटली अशा थाटांत चालवावयाची, हा प्रश्न इटलीस कधीं पडला नव्हता. कोठली पट्टी जाड केली म्हणजे गाडी मोडणार नाहीं, आणि कोठली केली म्हणजे ती चढ चढणार नाहीं, हा हिशेब येथेंच बसवावा लागला.

हा हिशेब किती नाजूक आहे तें समजण्यास यंत्राकडे पाहिलें पाहिजे. लुनेस एकच सिलिंडर, पन्नास सी.सी.चा. शक्ति दोन अश्वशक्तीच्या आंतबाहेर. गिअर नाहींत, इंजिनानें वेग घेतला कीं क्लच आपोआप धरतो. पायडल मारून गाडी सुरू करावयाची, आणि पेट्रोल संपलें तर तींच पायडलें मारीत घरीं यावयाचें. इंजिन टू-स्ट्रोक जातीचें, म्हणजे दट्ट्याच्या खालवर अशा प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट. झडपा नाहींत, त्या उघडणारे दांडे नाहींत, तेलाची वेगळी टांकी नाहीं. तेल पेट्रोलांतच मिसळावयाचें. त्यामुळें धूर होतो, प्लगावर काजळी धरते, तो काढून पॉलिश-कागदानें घासावा लागतो. हें काम त्या पिढींतल्या घरोघरच्या मुलांस चांगलें येत असे. परंतु इतक्या थोड्या भागांत इतकें काम करणारें दुसरें इंजिन नाहीं.

याच जातीच्या इंजिनानें जगांतल्या एका बड्या कारखान्यास एकदां पेंचांत टाकलें होतें. ती हकीकत जपानची असली तरी ती सांगितल्यावांचून पन्नास सी.सी.चा हा लहानसा सिलिंडर नीट समजणार नाहीं. १९६४ सालीं २५० सी.सी.च्या शर्यतींत यामाहाच्या टू-स्ट्रोक गाडीवर फिल रीड यानें जगज्जेतेपद मिळविलें आणि १९६५ मध्यें तें पुन्हा घेतलें. होंडाचीं इंजिनें चार-स्ट्रोकचीं. त्यांत दोन फेऱ्यांस एक स्फोट. म्हणजे बरोबरी करावयाची तर जवळजवळ दुप्पट वेगानें फिरणें आलें. पण वेग दुप्पट केला कीं दट्ट्यास मागेंपुढें खेंचणारा ताण चौपट होतो, आणि दांडा तुटतो. उपाय एकच : दट्ट्या लहान व हलका करावयाचा, आणि एकाचें काम अनेकांस वांटून द्यावयाचें. होंडानें २५० सी.सी. सहा सिलिंडरांत वांटले. १९६४ च्या सप्टेंबरांत मोंझा येथें ही सहा-सिलिंडरी प्रथम उतरली. १९६६ आणि १९६७ या दोन्ही वर्षीं माइक हेलवूड तिच्यावर जगज्जेता झाला.

त्या इंजिनास २४ झडपा होत्या आणि तें मिनिटास १८,००० फेरे घेई. वाचकांनीं गुणाकार करून पाहावा : सेकंदास ३०० फेरे, प्रत्येक सिलिंडरांत १५० स्फोट, सहांत मिळून ९००. त्यांतून साठ अश्वशक्ति निघे, आणि सबंध गाडीचें वजन अवघें ११२ किलोंच्या सुमारास. आतां दुसरा एक हिशेब. २५० भागिले सहा, म्हणजे एकेका सिलिंडराच्या वांट्यास एक्केचाळीस सी.सी. आले. हेलवूडच्या त्या जगप्रसिद्ध गाडीचा प्रत्येक सिलिंडर नगरच्या शाळामास्तरांच्या लुनेच्या सिलिंडराहून लहान होता!

थोड्या जागेंतून पुष्कळ काम काढावयाचें तर दोन वाटा आहेत. एक, यंत्र भयंकर वेगानें फिरवावयाचें. दुसरी, त्यास ओढावें लागणारें ओझेंच काढून टाकावयाचें. होंडानें दोन्ही वाटा धरल्या, कारण तिच्यापाशीं पैसा होता व गाडी एका शर्यतीपुरती टिकली तरी भागत होतें. नगरच्या गाडीस दहा वर्षें टिकावयाचें होतें आणि २,००० रुपयांत बसावयाचें होतें. तिला दुसरी वाटच मोकळी होती. दोहोंपैकीं अवघड काम कोणतें, याचा निर्णय आम्ही एंजिनिअरांवर सोंपवितों. आमचा कल कोणीकडे आहे हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

पुढें दोन्ही गाड्यांस एकाच रोगानें गांठलें. शर्यती सोडल्यावर होंडानें १९७८ मध्यें सहा सिलिंडरांची सीबीएक्स ही रस्त्यावरची गाडी काढली. ती रचणारे शोइचिरो इरिमाजिरी हे शर्यतीच्या इंजिनांवरच तयार झालेले. १,०४७ सी.सी., ९,००० फेऱ्यांस १०५ अश्वशक्ति; पण वजन अडीचशें किलोंच्या घरांत! १९८१ मध्यें तिला वारा अडविणारें आवरण व सामानाच्या पेट्या चढविल्या, आणि १९८२ नंतर ती बंदच पडली. युरोप-अमेरिकेंत आज अशा जुन्या गाड्या मिळवून कांहीं हौशी माणसें त्यांना उलट दिशेनें नेतात. आवरण काढावयाचें, पेट्या काढावयाच्या, जाड नळ्यांच्या जागीं पातळ बसवावयाच्या, फिरणारा प्रत्येक भाग कातून हलका करावयाचा. म्हणजे इंजिन चटकन् वेग घेतें, आणि त्या धष्टपुष्ट गाडींतून शर्यतीची सडपातळ गाडी पुन्हा डोकावूं लागते. हिंवाळ्याच्या रात्रीं शेडमध्यें बसून एकेका किलोशीं झगडणाऱ्या या मंडळींस आमचे कांहीं वडीलधारे वेडे म्हणतील. परंतु काय काढलें असतां चालेल आणि काय काढलें असतां मोडेल, हा त्यांचा प्रश्न नगरच्या कारखान्याचाच प्रश्न आहे.

लुनेसही हळूहळू अंग धरलें. गिऱ्हाइकास दोघांची बैठक हवी होती, ओझ्यासाठीं मजबूत चौकट हवी होती, टी.एफ.आर., डबल प्लस, सुपर, मॅग्नम अशा आवृत्त्या निघाल्या. ‘चल मेरी लुना’ ही जाहिरात ऐंशीच्या दशकांत घरोघर पोंचली. साडी नेसून बसतां येईल अशी ती खालच्या दांड्याची गाडी होती, त्यामुळें शिक्षिका, परिचारिका, कॉलेजच्या मुली यांच्या हातीं प्रथमच स्वतःचें वाहन आलें. भावाच्या सवडीची वाट पाहणें संपलें. हा फरक किती मोठा होता हें त्या बायकांसच विचारावें. एखाद्या साम्राज्याच्या उलथापालथीनें घरांत झाला नसता इतका तो होता.

१९८४ मध्यें फिरोदियांनीं होंडाशीं भागीदारी करून कायनेटिक होंडा ही स्कूटर आणली. सहा-सिलिंडरी आणि लुना यांच्या जनकांची अशी सोयरीक जमली. तिचा कारखाना मध्यप्रदेशांत पीथमपूर येथें होता. पण त्याच सुमारास होंडानें दुसरा घरोबा हीरोशीं केला, आणि १९८५ मध्यें आलेली त्यांची चार-स्ट्रोक मोटारसायकल थोड्या पेट्रोलांत लुनेहून कितीतरी ओझें ओढूं लागली. मोपेडचें दुकान तेथूनच उठूं लागलें. धुराविषयींचे नियम कडक होत गेले, तसें टू-स्ट्रोकचें सामर्थ्यच त्याचा अपराध ठरलें. होंडा १९९८ मध्यें भागीदारींतून बाहेर पडली, २००८ मध्यें कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्रांकडे गेला, आणि नगरचा कारखाना इतर मोटारींसाठीं गिअर व सुटे भाग करूं लागला.

२०२४ च्या फेब्रुवारींत फिरोदिया घराण्याच्या पुढच्या पिढीनें लुना पुन्हा बाजारांत आणली. आतां ती विजेवर चालते. पेट्रोल नाहीं, धूर नाहीं, पायडलें नाहींत. बॅटरीमुळें तिचें वजन ९६ किलो झालें आहे, म्हणजे जुनीच्या जवळजवळ दुप्पट. मात्र तिची मागली बैठक काढतां येते, आणि त्या जागीं भाजीच्या गोणी ठेवून, बसणारा माणूस धरून, १५० किलोपर्यंत ओझें नेतां येतें.