खिडकीपेटीतील फुलझाडे (वऱ्हाड)

खिडकीच्या बाहेरील बाजूस पेटी बसवून तीत फुलझाडे वाढविण्याची प्रथा प्राचीन आहे. थोरल्या प्लिनीने (२३–७९) रोममधील सामान्य लोकांच्या खिडक्यांतील बागांचा उल्लेख केला असून चोऱ्यांमुळे त्या खिडक्या बंद कराव्या लागल्याचेही नमूद केले आहे. वऱ्हाडात घरालगतच्या लागवडीचे जुने स्थान अंगणातील तुळशीवृंदावन हे होय. पेटीत आज दिसणारी बहुतेक झाडे परकीय आहेत : सदाफुली मादागास्करची, झेंडू मेक्सिकोचा, तर चिनी गुलाब, नाव काहीही असले तरी, दक्षिण अमेरिकेतील.

अकोला-अमरावती भागात निवड ठरते ती रंगावरून नव्हे, तर ऊन व पाणी यांवरून. अकोल्यास उन्हाळ्यात तपमान ४५° से. च्या वर जाते. उथळ पेटीतील माती तेव्हा काही तासांत वाळते. येथील काळी माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर भेगाळते, म्हणून तीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे लागते. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात अडचण अधिक बिकट असते. तेथील विहिरींचे खारे पाणी वारंवार दिल्याने पेटीत क्षार साचतात व नाजूक रोपे करपतात. बोगनवेल व चिनी गुलाब मात्र तग धरतात. चिनी गुलाबाची फुले तर कडक उन्हातच पूर्ण उमलतात. पिटूनिया, फ्लॉक्स इ. हंगामी झाडे पावसाळा सरताना पेरतात. ती हिवाळ्यात बहरतात आणि उन्हाळा लागताच संपतात.