भोकरदन म्हणजे नेमकं कुठलं?

१७ सप्टेंबरला आपण सगळ्यांनी झेंडावंदन केलं. स्टेटस ठेवले, भाषणं ऐकली. त्यानंतर सहाच दिवसांनी २३ सप्टेंबर येतो. त्या दिवशी आपल्या भागात कुठं काही होत नाही. खरं तर या दोन तारखांचं एकमेकींशी नातं आहे. थोडं लांबण लागेल, पण धावडा, भोकरदन, जाफराबादकडच्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचा, कारण गोष्ट आपल्याच मातीतली आहे.

गुप्त संदेश फोडणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातली यंत्रं येतात. पण संदेश गुप्त ठेवायला यंत्र लागतंच असं नाही. समोरच्याला न येणारी लिपी असली तरी भागतं. १८५७ मध्ये लखनौला वेढ्यात अडकलेले इंग्रज बाहेरच्या फौजेला निरोप पाठवायचे, ते ग्रीक अक्षरांत. भाषा इंग्रजीच, अक्षरं फक्त ग्रीक. का? तर निरोप्या पकडला गेला आणि बंडवाल्यांत कुणी इंग्रजी वाचणारा निघाला, तरी चिठ्ठी कळू नये.

आपल्याकडं हे त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. आपल्या शेजारच्या जाळीच्या देवाला आपण सगळेच जाऊन आलोय. त्याच महानुभाव पंथानं चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ लिपीत आणि तशाच इतर सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. भाषा आपली मराठीच, पण अक्षरं बदललेली. बाहेरच्यांना शेकडो वर्षं त्यातलं काही वाचता आलं नाही. पुढं इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला. ते जमलं, कारण त्यांना जुन्या मराठीची नाडी माहीत होती. कुलूप कितीही भारी असू द्या, घर ज्याच्या ओळखीचं त्याला आत शिरायची वाट सापडते.

आता १८०३ कडं येऊ.

३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह केला आणि इंग्रजांची फौज आपल्या दारात आणून बसवली. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना ते मान्य नव्हतं. त्यातून जी लढाई पेटली तिला पुस्तकात ‘दुसरं इंग्रज-मराठा युद्ध’ म्हणतात. मी तिला स्वातंत्र्याचीच लढाई म्हणतो. असलेलं स्वातंत्र्य राखायची लढाई. आणि या लढाईत हैदराबादचा निजाम इंग्रजांच्या बाजूला होता, हे ध्यानात ठेवा.

इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. त्याचं हेरखातं बघण्यासारखं होतं. हरकाऱ्यांच्या तीन वेगवेगळ्या टोळ्या, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. तिघांची बातमी जुळली तर खरी मानायची. सोबत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जो पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला. तेव्हा तो अवघ्या तेविशीत होता.

२१ सप्टेंबरला बदनापूरला बैठक झाली. वेलस्लीनं पूर्वेच्या वाटेनं जायचं, कर्नल स्टीव्हन्सननं पश्चिमेच्या, आणि २४ तारखेला दोघांनी मिळून मराठी फौजेवर पडायचं असं ठरलं. हरकाऱ्यांची बातमी होती, मराठी फौज ‘भोकरदनला’ आहे.

इथंच सगळी मेख आहे.

२३ तारखेला वेलस्ली पुढच्या मुक्कामावर पोचला आणि त्याला कळलं, की मराठी फौज लांब नाही, सहा मैलांवर आहे. खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, भोकरदनपासून थेट असईपर्यंत पसरलेली. नंतर पत्रात त्यानं स्वतःच याचा खुलासा केलाय. हरकारे ‘भोकरदन’ म्हणत होते ते परगण्याला, आणि इंग्रजांनी धरलं गाव. फौजेची उजवी बाजू भोकरदन गावाशी होती, पण डावी तिथून सहा-आठ मैलांवर असईला.

म्हणजे हरकारे खोटं बोलले नव्हते. बातमी जुळली, शब्दही बरोबर होता. फक्त त्या शब्दाचा अर्थ इथल्या माणसाच्या डोक्यात होता आणि साहेबाच्या डोक्यात नव्हता. आजही बघा ना, पुण्यात कुणी विचारलं ‘कुठले तुम्ही?’ तर आपण काय सांगतो? ‘भोकरदनचे’. धावड्याचं नाव मागाहून, तेही समोरच्यानं विचारलं तर. तीन-तीन टोळ्या लावूनही जे कूट फुटलं नाही, ते आपल्या रोजच्या बोलण्यातलं होतं.

पण त्याच दिवशी वेलस्लीनं दुसरं एक कूट फोडलं, आणि ते आपल्याला महागात पडलं.

समोर खेळणा नदी. पलीकडं शंभराच्या आसपास तोफा आणि पोलमान नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालचं कवायती पायदळ. समोरच्या उतारावरून नदी ओलांडायची म्हणजे थेट तोफांच्या तोंडी जायचं. बाजूला कुठं उतार आहे का, असं त्यानं वाटाड्यांना विचारलं. वाटाडे ठामपणे म्हणाले, नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं, की माहीत असून तोंड मिटलं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मला आपलं वाटतं, त्यातला एखादा तरी जाणूनबुजून गप्प बसला असेल.

वेलस्लीनं दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडं एक गाव, बरोबर समोर पलीकडं दुसरं. पिंपळगाव आणि वरूड. त्यानं विचार केला, माणसं नदीच्या दोन काठांना अशी समोरासमोर गावं उगाच वसवत नाहीत. येण्याजाण्याची सोय असल्याशिवाय हे होत नाही. म्हणजे इथं उतार असणारच. माणूस पाठवून बघितलं, तर होता. आणि त्यावर आपल्या बाजूचा पहारा नव्हता.

वाटाड्यांनी जे सांगितलं नाही, ते गावांच्या जागेनं सांगितलं. आपल्या वाडवडलांनी बाजाराला, सोयरिकीला, गुरं न्यायला जी वाट पाडली, तीच शत्रूनं वाचली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. स्टीव्हन्सनची वाट न बघता वेलस्ली साडेचार हजारांच्या आसपास माणसं घेऊन नदी उतरला. मराठी तोफांनी त्याच्या फौजेची चाळण केली. त्याचे दीड हजारांवर मेले किंवा जखमी झाले, म्हणजे तीन माणसांमागं एक. इंग्रजांच्याच हिशेबानं आपले बाराशे मैदानावर पडले. तोफा गेल्या. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. पण लढाईच्या मैदानात तुमची सगळ्यात मोठी कामगिरी कोणती, असं विचारल्यावर त्यानं नाव घेतलं ते असईचं.

यानंतर अडगाव झालं, गाविलगड पडला. ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख, जालन्यासकट, हातचा गेला आणि इंग्रजांच्या मित्राच्या, निजामाच्या पदरात पडला.

आता १७ सप्टेंबर आठवा. पलीकडच्या बुलडाणा जिल्ह्यात १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा चढला आणि अलीकडं आपण आणखी तेरा महिने थांबलो. का, याचं उत्तर फक्त १९४७ मध्ये शोधून चालणार नाही. त्याचा एक धागा १८०३ च्या खेळणेच्या काठापर्यंत जातो. त्या दिवशी जे गेलं, ते परत यायला १४५ वर्षं लागली.

मग आज हे सगळं उगाळायचं कशाला?

असईची लढाई आपल्याला कळते ती वेलस्लीच्या पत्रांतून. हरकाऱ्यांचा उल्लेख येतो, वाटाड्यांचा येतो, पण त्यातल्या एकाचंही नाव माझ्या वाचनात आलेलं नाही. ती माणसं कोण होती, कुठल्या गावची होती? सापडलीच तर ती आपल्याकडच्या कागदांत सापडतील. आणि ते कागद आहेत मोडीत.

सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. निजामकाळातल्या नोंदी तपासायला घेतल्या. नोंदी मोडीत, उर्दूत, फारसीत. आणि मग जिकडंतिकडं एकच धावाधाव, मोडी वाचणारा माणूस कुठं मिळेल? तुम्ही आरक्षणाच्या कुठल्याही बाजूचे असा, एवढं तरी मान्य कराल, की आपल्याच आज्या-पणज्यांची नावं वाचायला आपल्याला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागलं. शत्रूला कळू नये म्हणून महानुभावांनी लिपी लपवली होती. मोडी कुणी लपवली नव्हती. ती आपण नुसती सोडून दिली, आणि आता तीच आपल्यासाठी गुप्त लिपी होऊन बसली.

माझं म्हणणं एवढंच आहे. झेंडावंदन तर दरवर्षी करूच. पण २३ सप्टेंबरला आपल्या भागातल्या शाळांनी नववी-दहावीची पोरं असईला न्यावीत. खेळणेच्या काठावर उभं करून समोरासमोरची ती दोन गावं दाखवावीत आणि विचारावं, इथं उतार कुठं असेल सांगा. पोरं लढाई जन्मात विसरणार नाहीत.

आणि ज्यांच्या घरात माळ्यावर, पेटीत, देव्हाऱ्याखाली फडक्यात बांधलेले जुने कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नका, पावसात भिजू देऊ नका. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. गावातल्या दोन-चार पोरांनी मोडी शिकायला घ्या. सरावानं जमणारी गोष्ट आहे, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासापेक्षा सोपीच.

एका परक्या माणसानं दुर्बिणीतून बघून आपली गावं वाचली होती. आपल्याला तर दुर्बीणही लागणार नाही. पेटी उघडली तरी पुरे.