धर्मग्राम (कॅथलिक)

धर्मग्राम : बिशपच्या धर्मप्रांतातील श्रद्धावंतांचा स्थानिक समुदाय. त्याचा कारभार प्रमुख धर्मगुरू पाहतात. जमाखर्चासाठी अर्थसमिती बंधनकारक असते. उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्यातील जासई परिसर लॅटिन विधीच्या मुंबई महाधर्मप्रांतात येतो. सिरो-मलबार विधीच्या मल्याळी कॅथलिकांसाठी मात्र 1988 मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला.

रविवारची मिस्सा (सामुदायिक उपासना) हा धर्मग्रामाच्या जीवनाचा कणा. तिच्याभोवती मुलांचे धर्मशिक्षण, गायकवृंद, आजाऱ्यांना कम्युनियन पोहोचवणे, गरजूंना मदत अशी कामे चालतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मिस्सा लोकभाषेत होऊ लागली आणि वेदीवरचे वाचन सामान्य माणसाकडेही आले. हा बदल फार मोलाचा ठरला. उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन कॅथलिक समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण साजरा करतो. शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात.

मराठी धर्मग्रामजीवनाचे सर्वांत समृद्ध रूप वसईत दिसते. येथील धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी 1918 मध्ये पतसंस्था उभारली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. ‘सुवार्ता’ मासिकाने धर्मग्रामस्थांना लिहिते केले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत अग्रभागी होते. 2020 च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.